क्रूझचा नकाशा सरकतोय… नागपुरातून पाहिलं तर

भूगोलवाली (धागाकर्ती)

सीताबर्डीत कुठल्याही टूरवाल्याच्या दारावरचा बोर्ड वाचा. 'सिंगापूर-मलेशिया'पुढे 'क्रूझसह' हे आता जवळपास ठरलेलंच असतं. समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागणारं आपलं शहर, तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर डेकवरचे आणि बुफेतल्या कलिंगडाच्या कोरीव मोराचे फोटो येतच असतात. मी कॉलेजात भूगोल शिकवते. जहाज निघालं कुठून, थांबलं कुठं आणि तिथंच का, यात मला मोरापेक्षा जास्त रस. म्हणून हा धागा.

आधी आकार. १९७० च्या आसपास जगभरात वर्षाला पाच लाखांच्या घरात लोक क्रूझला जात. २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख गेले. मग कोविडनं धंदा जवळजवळ बंदच पाडला. २०२३ मध्ये आकडा ३ कोटी १७ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख. (हे क्लिया या उद्योगाच्याच संघटनेचे आकडे.) म्हणजे पडझड भरून काढून गाडी पुढे गेली. निम्म्याहून जास्त प्रवासी आजही उत्तर अमेरिकेतले.

याची सुरुवात मात्र एका धंद्याच्या मरणातून झाली. १९५८ पासून जेट विमानं प्रवाशांना अटलांटिकपार न्यायला लागली आणि युरोप-अमेरिका करणाऱ्या मोठ्या जहाजांचं काम दहा-पंधरा वर्षांत संपलं. ती जहाजं माणसं पोचवायची. १९६६ ला मायामीहून 'सनवर्ड' सुटायला लागलं ते पोचवण्यासाठी नव्हे, फिरवून परत आणण्यासाठी. १९६८ ला रॉयल कॅरिबियन आली, १९७२ ला कार्निव्हल. कार्निव्हलचं पहिलंच जहाज 'मार्दी ग्रा' पहिल्याच सफरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. आज तीच जगातली सर्वात मोठी क्रूझ कंपनी आहे.

कॅरिबियनच का? एका रात्रीच्या अंतरावर एकामागून एक बेटं, हिवाळ्यात ऊन, आणि गाडी चालवत मायामीला येऊ शकणारं प्रचंड गिऱ्हाईक. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदाही त्याला हातभार लावतो: परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेतल्याच दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाहीत. क्रूझ जहाजांवर झेंडे बहामा, पनामा, माल्टा असे, त्यामुळे मध्ये परदेशी बंदर लावावंच लागतं. मायामीच्या दारात बहामा असल्यावर अडचण कसली?

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. किनाऱ्यावर हॉटेल बांधलं की ते तिथंच राहतं. गावाचे दिवस फिरले की त्याचेही फिरतात. हे तरंगतं हॉटेल मात्र नांगर उचलतं आणि दुसरीकडे जातं. २०२२ ला युक्रेन युद्ध सुरू झालं आणि बाल्टिक सफरींचं मुख्य आकर्षण असलेलं सेंट पीटर्सबर्ग वेळापत्रकातून गायब झालं. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर सुएझमार्गे जायची जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली. जहाजं बुडीत निघाली नाहीत, फक्त नकाशा बदलला.

प्रश्न असा, की बंदराच्या गावाच्या हातात मग काय उरतं? आणि मुंबई या नकाशावर खरंच येतेय, की आपण नुसत्याच बातम्या वाचतोय? लिहा.

तर्रीपोहे

मॅडम, लय भारी लिहून राहिल्या तुम्ही. आमच्याकडे क्रूझ म्हणजे फुटाळा तलावावर संध्याकाळी कणीस खात उभं राहायचं, तेवढंच. नाग नदीत सोडा म्हणावं एखादं जहाज, पाहू बरं कसा नांगर उचलते ते!

डेक_शून्य

धागा चांगला आहे. मी नागपूरचाच, हॉटेल मॅनेजमेंट करून बरीच वर्षं जहाजावर हाउसकीपिंगमध्ये होतो. आता शहरात परत आलोय. आयडीचा अर्थ ज्यांनी काम केलंय त्यांना कळेल: आमची वस्ती पाण्याच्या रेषेजवळ, खिडकी नसलेल्या खोल्यांत. जहाजाच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या क्रूच्या बोळाला आम्ही 'आय-९५' म्हणायचो, अमेरिकेतल्या हायवेवरून.

जहाज नांगर उचलून जातं हे खरं, पण दरवर्षीही जातं. आमचं वर्ष असं असायचं: हिवाळाभर कॅरिबियन. एप्रिल आला की काही जहाजं अटलांटिक ओलांडून भूमध्य समुद्रात, काही पनामा कालव्यातून वर अलास्काला. ऑक्टोबरात सगळी उलटी. या एकेरी सफरींना रिपोझिशनिंग म्हणतात. बंदरं कमी, दिवसच्या दिवस नुसतं पाणी. जहाज न्यायचंच असतं, मग रिकामं कशाला न्या, म्हणून तिकीट स्वस्त. प्रवासी बहुतेक निवृत्त. त्यातले काही दरवर्षी तेच, नावानिशी ओळखीचे.

तुमच्या १८८६ च्या कायद्याचा परिणाम अलास्कात सगळ्यात नीट दिसतो. सिएटलहून सुटणारं जहाज अलास्का करून येताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, अनेकदा संध्याकाळी उशिरा, काही तासांपुरतं. प्रवासी विचारायचे, रात्री इथं बघायचं काय? बघायचं काही नसलं तरी थांबा कायद्यासाठी. २०२१ ला कॅनडानं कोविडमुळे बंदरं बंद ठेवली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकी संसदेला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला.

आणि टर्नअराउंड डे. सकाळी सगळं जहाज रिकामं, दुपारपर्यंत पुन्हा भरलेलं. मधल्या काही तासांत हजारो खोल्या, चादरी, टॉवेल, वर आठवड्याचा भाजीपाला. 'आयकॉन ऑफ द सीज' आलं जानेवारी २०२४ ला, त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि वर २,३५० क्रू. एवढ्यांना एका दिवसात उतरवून चढवणारी बंदरं जगात किती असणार? म्हणून जहाजं मोठी झाली तशी निघण्याची ठिकाणं मोजकीच उरली: मायामी, पोर्ट कॅनाव्हरल, बार्सिलोना. मायामीतून आता वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी ये-जा करतात.

भूगोलवाली

@डेक_शून्य, ही माहिती वर्गात सांगणार आहे. एक भर: 'टायटॅनिक' ४६ हजार टनांचं होतं, 'आयकॉन' जवळपास २ लाख ४९ हजारांचं. हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचे आहेत. विद्यार्थी इथं हमखास गोंधळतात.

व्हेनिसचा_व्यापारी_नाही

एवढं कौतुक वाचून राहवलं नाही. मी व्हेनिसला गेलोय, आणि घरांच्या छपरांपेक्षा उंच जहाज त्या चिंचोळ्या कालव्यातून जाताना बघून हसावं की रडावं कळत नव्हतं. २०१९ च्या जूनमध्ये 'एमएससी ऑपेरा' तिथं धक्क्यावर आणि पर्यटकांच्या बोटीवर आदळलं. शेवटी ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्का कालवा बंद झाला.

त्यानंतरची यादी वाढतेच आहे. डुब्रॉव्हनिकनं दिवसाला दोन जहाजांची मर्यादा घातली. ॲमस्टरडॅम २०२६ पासून वर्षाला शंभरच जहाजं घेणार. बार्सिलोनानं जुलै २०२५ मध्ये सातापैकी दोन टर्मिनल २०३० पर्यंत कमी करायचं ठरवलं. ग्रीसनं त्याच महिन्यापासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर भर हंगामात माणशी २० युरो लावले. ज्यांच्या घरासमोर रोज सकाळी पाच हजार माणसं उतरतात आणि संध्याकाळी जेवायला जहाजावरच परत जातात, त्यांना विचारा क्रूझ कशी वाटते. रात्रीची खोली भाड्यानं जात नाही, जेवणाचं बिल होत नाही. गल्ल्या तेवढ्या तुंबतात.

डेक_शून्य

गर्दीबद्दल वाद नाही. पण व्हेनिसची गोष्ट पूर्ण सांगा. मोठी जहाजं गेली कुठं? काही मार्घेराच्या औद्योगिक बंदरात, काही त्रिएस्तेला, काही रावेन्नाला. तिथून बसमध्ये घालून माणसं व्हेनिसलाच आणतात. जाहिरातीत बंदराचं नाव 'व्हेनिस'च, कंसात बारीक अक्षरात रावेन्ना. कालवा वाचला हे चांगलंच झालं, पण गर्दी बसमधून आली.

व्हेनिसचा_व्यापारी_नाही

बारीक अक्षरांबद्दल सहमत. पण म्हणून गावानं काहीच करू नये? 'की वेस्ट'चं बघा. फ्लोरिडाच्या त्या छोट्या बेटावरच्या लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान करून मोठी जहाजं नाकारली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून ते मतदान रद्दबातल ठरवलं. गावाच्या हातात काय उरतं, या धागाकर्तीच्या प्रश्नाचं एक उत्तर हे.

भूगोलवाली

आणि दुसरं उत्तर जुनो. अलास्काची राजधानी, बाकी राज्याशी रस्त्यानं जोडलेलीच नाही. वस्ती तीस हजारांच्या आसपास, उन्हाळ्यात एकेका दिवशी तेवढ्याच्या निम्मे किंवा जास्त पाहुणे. त्यांनी भांडण न करता कंपन्यांशी करार केला: २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून दिवसाला १६ हजार प्रवाशांची कमाल. बंदी नाही, वाटाघाटी. त्यांना ते जमलं याचं एक कारण मला वाटतं असं: अलास्कातल्या हिमनद्यांसाठी जहाजाला तिथंच यावं लागतं. कॅरिबियनमध्ये एक बेट नाही म्हणालं तर शेजारचं तयार असतं. ज्या गावाला पर्याय नाही त्याच्या शब्दाला वजन.

निळी_छत्री

मॅडम, कॅरिबियनमध्ये आता तर शेजारचं बेटही नको. कंपन्यांनी स्वतःचीच बेटं केलीत. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीनं बहामातलं ग्रेट स्टिरप के १९७७ ला घेतलं, तेव्हा ती नवलाई होती. रॉयल कॅरिबियननं २०१९ ला आपलं कोकोके बेट वॉटरपार्कसकट नव्यानं उभं केलं. कार्निव्हलनं जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर 'सेलिब्रेशन की' उघडलं. प्रवासी जहाजावरून उतरतो आणि त्याच कंपनीच्या बारमध्ये बसतो. नारळपाण्याचे पैसेसुद्धा त्याच कार्डावर.

नवीन जहाजांच्या जाहिराती बघा, बंदरांची नावं खाली कोपऱ्यात. वर घसरगुंड्या, बर्फाचं रिंक, वीस डेक. जहाजच मुक्कामाचं ठिकाण झाल्यावर ते कुठं उभं आहे यानं कितीसा फरक पडतो?

डेक_शून्य

पडतो. ऊन लागतंच. पाऊस असला की लिफ्टपाशी मारामारी. :)

क्रूच्या बाजूनं सांगतो. बेट कंपनीचं असलं की आम्हाला गावात उतरून घरी फोन लावायची, स्वस्तात काही घ्यायची जागा गेली. पूर्वी प्रत्येक बंदरात क्रूचा एक ठरलेला अड्डा असायचा, वायफायवाला, जिथं फिलिपिनो, इंडोनेशियन, गोवेकर सगळे एकाच टेबलावर. मालकीच्या बेटावर असलं काही नसतं.

उत्तरायण

चीनचा कुणी उल्लेख केला नाही. दहा वर्षांपूर्वी सगळे म्हणत होते की पुढचं मायामी शांघाय. २०१५ ला रॉयल कॅरिबियननं नवंकोरं 'क्वांटम ऑफ द सीज' तिकडे नेलं. २०१७ ला क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या वादावरून चीननं दक्षिण कोरियाच्या ग्रुप टूर थांबवल्या, आणि शांघायहून सुटणाऱ्या जहाजांना जपानशिवाय जवळचं ठिकाण उरलं नाही. तीन-चार दिवसांच्या सफरीत जाणार तरी कुठं? कॅरिबियनसारखी बेटांची रांग तिथं नाही.

मग फेब्रुवारी २०२० आणि योकोहामात अडकलेलं 'डायमंड प्रिन्सेस'. ३,७११ माणसं आत, सातशेहून जास्त बाधित. त्या वेळी टीव्हीवर जगात दुसरं काही नव्हतं. कंपन्यांनी चीनमधून हात आखडता घेतला. चीननं मात्र स्वतःचं जहाज बांधलं: 'अडोरा मॅजिक सिटी', पहिली सफर १ जानेवारी २०२४ ला शांघायहून. अशी जहाजं बांधणारे कारखाने आतापर्यंत मुख्यतः इटली, फ्रान्स, जर्मनी, फिनलंड इथंच होते. मला वाटतं, प्रवासी कुठले यापेक्षा जहाज बांधतं कोण हा बदल जास्त दूरचा आहे.

सौदीनंही डिसेंबर २०२४ मध्ये जेद्दाहून 'अरोया' सोडलं. तेलवाले देश समुद्राकडे वळताहेत.

उलट्या बाजूला ऑस्ट्रेलिया. तिथली जुनी क्रूझ कंपनी पी अँड ओ ऑस्ट्रेलिया मार्च २०२५ मध्ये बंद करून जहाजं कार्निव्हलच्या नावाखाली घेतली. म्हणजे सगळीकडे वाढच आहे असं नाही.

इंजिनरूम_नको

धुराबद्दल थोडक्यात, कारण कुणीतरी बोलायला हवं. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनात गंधक ०.५ टक्क्यांवर नको असा नियम आला. त्यावर अनेकांनी स्क्रबर (धूर धुणारी यंत्रं) बसवले. हवेत जायचं ते धुऊन काही ठिकाणी समुद्रात जातं. 'आयकॉन'सारखी नवी जहाजं एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतात, गंधकाचा प्रश्न सुटतो, पण न जळलेला मिथेन निसटतो आणि तो हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त घातक. नॉर्वेनं जागतिक वारसा यादीतल्या फ्योर्डांसाठी २०२६ पासून लहान जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली, मोठ्यांना २०३२ पर्यंत सवलत. सवलत मोठ्यांना, हे नोंदवून ठेवा.

तर्रीपोहे

वाचून राहिलो. मुंबईचं काय झालं पण? मॅडमनी विचारलं तं सगळे व्हेनिसलाच बसले.

आगबोट_१९४७

मूळचा रत्नागिरीचा, नोकरीनं नागपूरचा झालो. मुंबईबद्दल मी लिहितो.

माझ्या आजोबांच्या पिढीला मुंबईहून कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. कोकणची बोट हीच एसटी. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाणारी 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझा आयडी त्या सालावरून. पुढे रस्ते झाले, बोटी थांबल्या. अटलांटिकवर जे विमानानं केलं ते आमच्याकडे एसटीनं केलं. फरक एवढाच, की तिकडच्यांनी मोकळ्या बोटींतून नवा धंदा काढला, आमच्याकडे धक्के ओस पडले.

आता बघा. ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं, २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे दहा लाख प्रवासी हे लक्ष्य. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरला नवं आंतरराष्ट्रीय टर्मिनल उघडलं. इमारत झाली. पण जहाज कुठलं आहे?

कोर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. आणि या जहाजाची कुंडली धागाकर्तींना आवडेल. १९९० ला 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून जन्म, मायामीहून बहामाच्या छोट्या सफरींसाठीच बांधलेलं. मोठी जहाजं आली तसं ते मागे पडलं आणि २००८ ला स्पेनच्या पुलमांतूर कंपनीकडे गेलं. २०१६ ला परत अमेरिकेत. हवानाचं बंदर मोठ्या जहाजांना पुरेसं नाही, पण हे तिथं बसत होतं, म्हणून २०१७ पासून क्यूबा. जून २०१९ ला अमेरिकेनं क्यूबाच्या क्रूझ बंद केल्या. मग कोविड, मग विक्री, आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबई-गोवा-लक्षद्वीप.

त्याच साली, १९९० ला, आणखी एक जहाज सेवेत आलं होतं: 'क्राउन प्रिन्सेस'. फिरत फिरत तेही मुंबईला आलं, 'कर्णिका' नावानं, २०१९ ला जलेश क्रूझेसकडे. वर्ष-दीड वर्षात कंपनी बंद पडली आणि 'कर्णिका' अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. एकाच वयाच्या दोन जहाजांपैकी एकावर आपण गोव्याला जातो, दुसऱ्याचे पत्रे भंगारात विकले गेले.

तेव्हा मुंबई नकाशावर आहे का? आहे, पण मायामीची जहाजं म्हातारपणी जिथं येतात त्या टोकाला. नवंकोरं जहाज फक्त मुंबईसाठी बांधलं जाईल तेव्हा मी पेढे वाटीन.

भूगोलवाली

@आगबोट_१९४७, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. 'एम्प्रेस'च्या या प्रवासात शीतयुद्धाचा शिल्लक राग, मोठ्या जहाजांची शर्यत, साथीचा रोग आणि भारतातला मध्यमवर्ग असं सगळं आलं.

फक्त पेढ्यांबद्दल मतभेद. छोटं, जुनं जहाज हे आपल्या किनाऱ्याला कमीपणाचं का? लक्षद्वीपला 'आयकॉन'सारखं जहाज उभं करायची जागा नाही, आणि तिथल्या बेटांवर मला ते नकोच आहे. छोट्या बोटीनं माणसं किनाऱ्यावर न्यावी लागतात, तेवढीच न्यावीत. अंटार्क्टिकात हाच नियम आहे: पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कुणाला उतरवायचं नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरच जण. तिकडे ते जमतं, लक्षद्वीपला का जमू नये?

आगबोट_१९४७

तिकडे पेंग्विन मत देत नाहीत म्हणून जमतं. :) गंमत सोडा, मुद्दा पटला. जुनं चालेल, पण आपलं वेळापत्रक दुसऱ्याच्या उरलेल्या जहाजावर ठरू नये, एवढंच म्हणणं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरात 'कोस्टा सेरेना' देशांतर्गत सफरींसाठी मुंबईला आलं होतं तेव्हा किती हुरूप होता. हंगाम संपला, गेलं. परत नांगर उचलला.

निशिगंधा

चर्चा फार वरची चालू आहे, माझा प्रश्न जमिनीवरचा. आईबाबांना (दोघं सत्तरीचे, शाकाहारी, आईचे गुडघे नाजूक) पहिल्यांदाच पाठवायचंय. जून-जुलैत बाबांचा वाढदिवस असतो, तेव्हा मुंबईहून जमेल का? आणि पासपोर्ट लागतो का?

डेक_शून्य

ताई, जून-जुलैत अरबी समुद्र खवळलेला असतो. कोर्डेलिया पावसाळ्यात जहाज पूर्व किनाऱ्यावर चेन्नईला हलवते, तिथून श्रीलंकेच्या सफरी असतात. वर सगळे ज्यावर बोलताहेत ते हेच, जहाज ऋतूच्या मागे जातं. श्रीलंकेला जायचं तर पासपोर्ट हवा. देशातल्या देशातली फेरी असेल तर सरकारी ओळखपत्र चालतं. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, काळजी नको.

गुडघ्यांसाठी: खोली लिफ्टजवळची आणि जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची मागा. मध्यावर हेलकावे कमी लागतात. बाल्कनीपेक्षा हे महत्त्वाचं. आणि ज्या सफरीत छोट्या बोटीनं उतरावं लागतं ती टाळा, बोटीत पाय टाकताना ज्येष्ठांना त्रास होतो. धक्क्याला लागणारी बंदरं घ्या.

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. गाडी लेट झाली म्हणून कप्तान थांबत नाही.

भूगोलवाली

आणि नागपूरकरांना चेन्नई वाटतं तेवढं लांब नाही. दिल्ली-चेन्नई मार्गावरच आहोत आपण, तामिळनाडू एक्स्प्रेस आणि जीटी दोन्ही थेट. दोन्ही किनारे आपल्याला सारखेच.

निशिगंधा

धन्यवाद दोघांनाही. बाबांचा पासपोर्ट संपलाय, तो आधी नव्यानं काढते. नाहीतर डिसेंबरात मुंबईहून गोवा. तेव्हाची दुरांतो आत्ताच वेटिंगवर दाखवतेय की उघडलीच नाही अजून, ते बघून सांगते.